टोचलेल्या पोत्यांचे तर्कशास्त्र

सतरा नोव्हेंबर. घरात जीव पाच. गाठ एकीच्या छातीत, मते उरलेल्या चौघांकडे.

जिच्या छातीत गाठ होती ती बाई बाहेरच्या खोलीत, दाराजवळच्या स्टुलावर बसली होती. सोफ्यावर तिचा नवरा, नवऱ्याची मोठी बहीण, मुलगा आणि सून असे चौघे बसले होते. बैठकीचा विषय तिचे शरीर हा असल्याने तिची उपस्थिती आवश्यक मानण्यात आली होती. तिचे मत आवश्यक मानण्याचे तसे काही कारण नव्हते, कारण ती घरचीच होती.

धान्याच्या गोदामात तिला सगळे दाभणकाकी म्हणत. भरलेल्या पोत्याचे तोंड मुडपून, वीतभर लांबीच्या जाड सुईने आणि सुतळीने ते शिवून टाकणे हे तिचे काम. या सुईला दाभण म्हणतात. काकीच्या हातून शिवलेले पोते ट्रकवरून पडले तरी उसवत नसे, अशी तिची ख्याती होती. नावाचे दुसरे कारण तिची जीभ. एखाद्या हमालाने पोते तिरके आणून टाकले की ती मान वर न करता विचारी, "काय रे, झोपेत होतास की लग्न ठरलंय?" आणि तो हमाल निमूटपणे पोते सरळ करी. अशी ही बाई त्या दुपारी एका शब्दापलीकडे बोलली नाही. जीभ गोदामात चालते. घरात आल्यावर ती कोणाच्या अधिकारात जाते, हा प्रश्न समाजशास्त्राने अजून पुरेशा गांभीर्याने घेतलेला नाही.

तिचा नवरा त्याच गोदामात होता. त्याला पारखी म्हणत. त्याच्याकडे एक टोकदार, एका अंगाने पन्हळीसारखी उघडी असलेली सळई होती. संशयित पोत्यात ती खुपसायची, पन्हळीतून तळहातावर दाणे घरंगळू द्यायचे, ते बघायचे, हुंगायचे, एखादा दाताखाली धरायचा आणि निकाल द्यायचा. मग सळईच्याच टोकाने तागाचे दोरे पुन्हा सारखे करून भोक बुजवायचे. मालक लोक त्याच्या निकालावर माल घेत किंवा परत पाठवत. ज्या माणसाचे म्हणणे दिवसभर कोणी खोडून काढत नाही, तो संध्याकाळी घरी आल्यावर ते बंद करील अशी अपेक्षा ठेवणे अन्यायाचे होईल.

गाठ आंघोळीच्या वेळी हाताला लागली होती. काकीने ती प्रथम सुनेला सांगितली. सून शाळेत शिकवते. तिने दुसऱ्याच दिवशी सासूला डॉक्टरकडे नेले, याबद्दल तिला पूर्ण श्रेय द्यायला हवे, कारण पुढच्या काळात ते देण्याची संधी फारशी येणार नाही. डॉक्टरीणबाईंनी हाताने तपासले, यंत्रावर छातीची चित्रे काढवून घेतली, सोनोग्राफी केली आणि सांगितले, "गाठ आहे. कसली आहे ते चित्रावरून कळत नाही. सुईने नमुना घेऊन तपासायला पाठवावा लागेल. बायोप्सी. लवकर करू."

या वाक्यातल्या शेवटच्या दोन शब्दांकडे घरात कोणाचे लक्ष गेले नाही. लक्ष गेले ते त्यांच्या आधीच्या शब्दाकडे.

"बायोप्सी सांगितली म्हणजे झालाच की," आत्या म्हणाली. घरात पारख्याच्या बहिणीला सगळे आत्या म्हणत. "उगाच कोण सांगतं? डॉक्टर लोक तोंडावर बोलत नाहीत, असं आडून सुचवतात."

"आत्या, तसं नसतं," सून म्हणाली.

"तू शाळेत शिकव. आम्ही जग बघितलंय." मग भावजयीकडे वळून, "दुखतं का गं?"

काकीने मान हलवली. दुखत नव्हते.

"बघ! दुखत नाही. मग कशाला छेडायचं? जे गप्प बसलंय त्याला गप्प बसू द्यावं."

एकाच श्वासात आत्याने रोग झालाच आहे आणि रोग नाहीच आहे, अशी दोन्ही मते मांडली. दोन्हींचा निष्कर्ष मात्र एकच निघाला: सुई नको. ज्या विचारपद्धतीत गृहीतके काहीही असली तरी निष्कर्ष ढळत नाही, तिच्या मजबुतीबद्दल शंका घेण्याचे कारण नाही.

आत्याकडे पुरावाही होता. तिच्या जुन्या शेजारणीच्या बहिणीला अशीच सुई लावली होती आणि वर्ष संपायच्या आत ती गेली. "चांगली हिंडतीफिरती बाई. सुई लावली आणि भडकलं." त्या बाईची गाठ सुईच्या आधी बरीच वर्षे वाढत होती आणि ती दवाखान्यात गेली ती हात वर होईनासा झाल्यावर, हा तपशील आत्याला माहीत होता. परंतु त्याने कथेची रसहानी होत असल्यामुळे ती तो वगळत असे.

मुलाने मोबाइल पुढे केला. तो एका कार्यालयात नोकरीला आहे आणि त्याला रोज सकाळी आरोग्याविषयी संदेश येतात. "हे बघा, यात लिहिलंय. सुई आत गेली की गाठीचं कवच फुटतं आणि आतलं सगळं रक्तात जातं."

"कोणी लिहिलंय?" सुनेने विचारले.

"खाली नाव नाहीये. पण पंधरा ग्रुपवर आलंय."

"मग खरंच असणार," सून म्हणाली. हा टोमणा होता. नवऱ्याने तो दुजोरा समजून स्वीकारला.

शेवटी पारखी बोलला. तो नेहमी शेवटी बोले, कारण त्यानंतर कोणी बोलायचे नसे.

"मला एक सांगा, नमुना काढणं काय असतं ते या घरात कोणाला जास्त कळतं?"

उत्तर त्याच्याकडेच होते.

"आयुष्य गेलं माझं सळई खुपसण्यात. मी काय बघितलं ते सांगतो. ज्या पोत्याला टोचलं, ते पोतं थप्पीत सगळ्यात आधी सडतं. बाजूची न टोचलेली पोती चार महिने तशीच्या तशी. टोचलेल्यात पंधरवड्यात किडे. भोक कितीही बुजवा. एकदा आतला माल बाहेर आला की पोतं पहिल्यासारखं राहत नाही." त्याने बायकोकडे बघितले. "तू बघितलंयस की नाही? तूच ती पोती उसवतेस ना?"

काकीने बघितले होते. परत आलेली पोती उसवून ओतायचे कामही तिच्याकडेच असे. आतून बुरशीचा ओला वास आणि वळवळणारे किडे निघत ती पोती टोचलेलीच असत, हे खरे होते. ती म्हणाली, "हो."

त्या दुपारी ती एवढेच बोलली. निरीक्षण अचूक होते, साक्षीदार प्रामाणिक होता आणि अनुमान समूळ चुकीचे होते. मनुष्यजातीच्या बहुतेक ठाम समजुती याच तीन द्रव्यांपासून बनतात.

बैठक संपली. निर्णय असा झाला की निर्णयाची घाई नको.

यानंतर जो हिवाळा गेला त्याला घरात 'काकीची काळजी' असे म्हणत. काळजीत कसूर झाली असे कोणी म्हणू शकणार नाही. आत्या रोज संध्याकाळी गरम कपड्याने शेक देई आणि शेकताना त्या शेजारणीच्या बहिणीची कथा सांगे. मुलगा नवे संदेश वाचून दाखवी. सुनेचा मार्ग अधिक सुशिक्षित होता. ती म्हणाली, "आई, आपण दुसरं मत घेऊ." दुसऱ्या डॉक्टरने सांगितले, बायोप्सी करा. सुनेला वाटले, दोघांचे एकमत झाले म्हणजे दोघांनी एकाच पुस्तकातून वाचलेले दिसते. तिसरे मत घ्यावे. तिसऱ्यानेही तेच सांगितल्यावर ती चौथ्याच्या शोधात लागली. अडाणी माणूस सुईला घाबरून घरी बसतो. शिकलेला माणूस सुईला घाबरून रांगेत बसतो. रांगेत बसल्याचे समाधान मात्र निराळे असते.

आणि काकी? तिने काय केले, हा प्रश्न वाचकाने विचारला तर तो रास्त आहे. ती रोज गोदामात गेली. पत्र्याच्या छताखाली, थप्प्यांच्या मधल्या अरुंद बोळात, लाकडी फळ्यांवर बसून तिने पोती शिवली. एकदा शेजारी बसणाऱ्या, झाडलोट करणाऱ्या बाईने विचारले, "काकी, हल्ली बोलत नाहीस. कोणाशी भांडण झालंय का?"

"भांडायला माणूस समोर लागतो," काकी म्हणाली. "माझं आतच आहे."

"म्हणजे?"

काकीने छातीकडे बोट केले. बाई घाबरली. "सुई नाही ना लावली?"

"नाही."

"बरं केलंस. माझ्या मावशीला सुई लावायला नेलं आणि सगळंच काढून टाकलं. बायोप्सी म्हणतात ते तेच असतं. आत घेऊन जातात, बाहेर येते तेव्हा सपाट."

त्या मावशीची बायोप्सी आणि नंतरचे ऑपरेशन ही दोन वेगळी कामे, वेगळ्या दिवशी, वेगळ्या सह्यांनी झाली होती. परंतु त्या बाईच्या घरात ती एकच गोष्ट म्हणून आली आणि एकच गोष्ट म्हणून गोदामात पोहोचली. अशा रीतीने, एका सुईबद्दल काकीला आता चार गोष्टी ठाऊक झाल्या होत्या: ती लावायला सांगितली म्हणजे रोग आहे, ती लावली म्हणजे रोग पसरतो, ती लावली म्हणजे छाती जाते, आणि दुखत नसेल तर तिची गरजच नाही. यांतली एकही गोष्ट तिला डॉक्टरने सांगितलेली नव्हती. ज्या ज्या डॉक्टरला ती भेटली तिथे प्रश्न सुनेनेच विचारले होते.

मार्चमध्ये तिने दाभण ओढायला हात वर केला तेव्हा छातीची कातडी एका जागी आत खेचली गेल्याचे तिला जाणवले. घरी येऊन तिने न्हाणीघरात आरशासमोर उभे राहून पाहिले. गाठीच्या वर खळगा पडला होता. बाहेर येऊन ती नवऱ्याला म्हणाली, "उद्या मला त्या पहिल्या बाईंकडे जायचंय."

"कशाला? चौथ्याची वेळ मिळतेय पुढच्या आठवड्यात."

"तुम्ही जा चौथ्याकडे. मी पहिल्या बाईंकडे जाते."

पारखी बरोबर गेला. तो जाणारच होता. बायकोला एकटी पाठवण्याइतका तो निष्काळजी नव्हता आणि तिला एकटीला ऐकू देण्याइतका भाबडाही नव्हता.

डॉक्टरीणबाईंची खोली लहान होती. टेबलावर एक कुंडी, भिंतीवर चित्रे पाहायची उजेडाची पाटी, कोपऱ्यात हात धुवायचे भांडे. त्यांनी तपासले, पुन्हा सोनोग्राफी केली, नोव्हेंबरची चित्रे शेजारी लावली. मग म्हणाल्या, "मी तेव्हाच लवकर या म्हटलं होतं."

"डॉक्टर," पारखी म्हणाला, "तुमचा मान राखून सांगतो. मी नमुन्याचाच माणूस आहे. गोदामात दुसरं काम करत नाही. आणि टोचलेलं पोतं आधी सडतं, हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय."

असे लोक रोज येतात अशा शांतपणे डॉक्टरीणबाईंनी खुर्ची मागे घेतली. "बरं. मग मला समजावून सांगा. तुम्ही सगळ्या पोत्यांना सळई लावता?"

"सगळ्यांना कशी लावणार? थप्प्याच्या थप्प्या असतात."

"मग कुठल्या पोत्याला लावायची ते कसं ठरवता?"

"हात लावून बघायचं. जे गरम लागतं, ज्याला वास मारतो, ज्याचा ताग ओला दिसतो, त्याला."

"म्हणजे ज्याच्यात आधीच बिघाड असेल असं वाटतं त्याला."

"अर्थात."

"आणि मग तेच आधी सडतं."

"तेच सांगतोय मी!"

"चांगल्या, कोरड्या पोत्याला कधी टोचून ठेवून बघितलंत?"

"चांगल्याला कशाला टोचायचं? वेडा आहे का मी?"

पारख्याची नजर हळूच टेबलावरच्या कुंडीकडे गेली आणि तिथेच खिळली. ज्याने आयुष्यभर फक्त संशयित पोत्यांनाच टोचले आणि टोचण्यालाच दोषी ठरवले, त्या माणसाला आपला हिशेब कुठे चुकला ते त्या क्षणी कळले असावे. कळल्याचा पुरावा असा की त्याने लगेच बाजू बदलली.

"ते पोत्यांचं झालं हो बाई," तो म्हणाला. "पोतं वेगळं आणि माणूस वेगळा. पोत्यावरून माणसाचं कसं ठरवता येईल?"

तेव्हा काकी बोलली. चार महिन्यांत प्रथमच तिचा तो गोदामातला आवाज आला.

"अहो, नोव्हेंबरपासून मी पोतंच होते. आज डॉक्टरांनी दोन प्रश्न विचारले तर माणूस झाले होय?"

पारखी पुन्हा कुंडीकडे वळला.

"तुम्ही बाहेर बसा," काकी म्हणाली. "मला बाईंना विचारायचंय."

तो बाहेर गेला. दार लागल्यावर काकीने खुर्ची पुढे ओढली.

"बाई, सुई लावली की पसरतं?"

"नाही. तसं होत असतं तर आम्ही कोणाला लावली नसती. पसरायचं असेल तर ते सुईवाचूनही पसरतं, आणि तो काळ आपण बघत बसण्यात घालवतो."

"छाती काढणार?"

"सुईत काय येणार? पेन्सिलीतल्या शिशाएवढा बारीक तुकडा, नखाएवढा लांब. तसे तीन-चार. वर एक छोटी पट्टी. काढायचं की नाही, हे निकाल आल्यावर, तुमच्याशी बोलून. ते वेगळं काम, वेगळी सही."

"सुई सांगितली म्हणजे झालाच ना मला?"

"सुई लावलेल्या बहुतेक बायकांचा निकाल साधा येतो. तुमच्या गाठीबद्दल मी आत्ता खोटा धीर देणार नाही. मला काळजी वाटतेय. पण काळजी आणि निकाल एक नाही."

"आणि यंत्राच्या चित्रात का नाही कळत?"

"चित्रात गाठीचा चेहरा दिसतो. स्वभाव दिसत नाही."

काकीला हे पटले. लोकांच्या बाबतीत तिचा अनुभवही असाच होता.

संमतीच्या कागदावर सही करायच्या वेळी परिचारिकेने दार उघडले. पारख्याने आत येऊन सवयीने पेन उचलले. "यांची सही लागेल, तुमची नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मग त्याने ते बायकोच्या हातात दिले.

जिच्या भीतीने हिवाळा गेला ती गोष्ट चहा थंड व्हायच्या आत उरकली. डॉक्टरीणबाईंनी काकीला खाटेवर आडवे केले, जागा बधिर करायचे एक इंजेक्शन दिले, ते चावले. मग सोनोग्राफीच्या पडद्याकडे बघत सुई आत घातली. कागद टाचायच्या यंत्रासारखा खट् असा आवाज झाला. पुन्हा खट्. परिचारिकेने विचारले, "दुखतंय का?" काकी म्हणाली, "नाही. पण तुमची सुई फारच बारीक आहे हो. माझ्याकडे या एकदा, खरी सुई दाखवते." परिचारिका हसली. घरी जाताना जागा हुळहुळत होती, दोन दिवस निळसर डाग होता आणि तिसऱ्या दिवशी काकी गोदामात होती.

निकाल आला. कर्करोग होता. काखेतल्या एका ग्रंथीतही तो पोहोचला होता. "नोव्हेंबरच्या चित्रात काखेत काही दिसत नव्हतं," डॉक्टरीणबाईंनी सांगितले. "तेव्हा कदाचित फक्त गाठ काढून भागलं असतं. नक्की सांगता येणार नाही." नक्की सांगता येणार नाही, हे खरे होते, आणि ते ऐकून खोलीतल्या एका माणसाने सुटकेचा निःश्वास सोडला, हेही खरे होते.

घरी आत्याने पदराने डोळे पुसले आणि म्हणाली, "मी सांगत होते. सुई लावली आणि निघालं."

"आत्या," सून म्हणाली, "आधी होतं म्हणून निघालं."

"तेच ते."

मुलाने मोबाइल खाली ठेवला. पारखी खिडकीशी उभा होता. गाठ सुईने आणलेली नाही हे त्याला आता सगळ्यांपेक्षा चांगले माहीत होते. तो एक वाक्य बोलला असता तर आत्या गप्प झाली असती, कारण ती त्याच्याच पुढे गप्प होत असे. तो बोलला नाही. आपण शिकवलेली चूक दुसऱ्याच्या तोंडून ऐकताना माणूस किती सहज श्रोता होऊ शकतो, ते त्या दिवशी दिसले.

काकीने मात्र ते वाक्य स्वतःच पुरे केले. "ताई, निघालं ते बरं झालं. आत राहिलं असतं तर तुमच्या त्या शेजारणीच्या बहिणीच्या गोष्टीत मी दुसरी झाले असते. एकच गोष्ट दोनदा सांगून तुमचाही घसा बसला असता."

आत्या रुसून आतल्या खोलीत गेली आणि जेवायला बाहेर आली.

काकीचे ऑपरेशन झाले. छाती काढावी लागली, काखेतल्या ग्रंथीही. पुढे औषधांचे महिने गेले. केस गेले आणि पुन्हा आले, पूर्वीपेक्षा कुरळे. ती आता बरी आहे आणि दर काही महिन्यांनी तपासायला जाते, एकटी. काखेच्या ऑपरेशननंतर तिचा उजवा हात सुजतो, म्हणून दिवसभर दाभण ओढणे तिला जमत नाही. गोदामाने तिला वजनकाट्याजवळ बसवले आहे. हमालांना बोलण्याचे तिचे काम मात्र चालू आहे, आणि झाडलोट करणाऱ्या त्या बाईच्याही छातीला गाठ लागली तेव्हा तिने तिला स्वतः हाताला धरून डॉक्टरीणबाईंकडे नेले. तिच्या गाठीत नुसते पाणी निघाले, आणि ती दुसऱ्या दिवशी कामावर आली.

पारखी अजूनही सळई लावतो. टोचलेले पोते आधी सडते असे तो आता म्हणत नाही. असे म्हणणे का सोडले, हे त्याला कोणी विचारलेले नाही आणि त्याने सांगितलेले नाही.

त्या घरात काकीला दूध, फळे, औषधे, विश्रांती आणि उशी वेळेवर मिळते. "आमचं चुकलं," हे तिला कोणी म्हटलेले नाही. तेवढे तिचे येणे बाकी आहे.